दोन्ही बाजूंनी घालायचे कोट

शिवणाऱ्या बाईच्या तोंडात टाचण्या असल्या की तिला कुणी प्रश्न विचारत नाही. ही युक्ती माझी मीच शोधली. इचलकरंजीला वडिलांचं शिलाईचं दुकान होतं. चौथी झाल्यावर त्यांनी मला शाळेतून काढून काज-बटणाला बसवलं. तेव्हापासून आज कॅनडात, स्कारबरोच्या एका प्लाझात माझं स्वतःचं दुकान आहे तोपर्यंत, गिऱ्हाईक बोलायला लागलं की मी चार टाचण्या ओठांत धरते. त्याला वाटतं बाई कामात आहे. मग ते एकटंच बोलतं आणि मला नुसती मान हलवावी लागते.

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी नेनेकाकूंनी माझ्याकडे लेख मागितला. "तुमच्या धंद्यातल्या गमतीजमती लिहा की, शालनबाई." मी "बघते" म्हटलं. छापायला देण्याचा धीर मला नाही. पण डोक्यात घोळायला लागलं ते थांबेना, म्हणून ग्रोसरीच्या यादीची वही उलटी करून मागच्या पानांवर लिहिते आहे.

आमच्या कामाला इथे ऑल्टरेशन म्हणतात. म्हणजे दुसऱ्याने शिवलेलं उसवायचं आणि त्याने शिवलंच नव्हतं असं दिसेल असं पुन्हा शिवायचं. आपल्याकडचा शिंपी शिवणीत माया ठेवतो, दोन बोटं जास्तीचं कापड आत दुमडून ठेवतो. माणूस सुटला तर कपडा सोडता येतो. इथल्या तयार कपड्यांत मायाच नसते. माणूस वाढला की कपडा संपला. वर्षभर पँटी आखूड करायच्या, पहिला स्नो पडला की जॅकेटांच्या झिपा बदलायच्या आणि लग्नाच्या दिवसांत आपल्या बायकांचे ब्लाउज सैल करायचे. एवढाच धंदा. युद्धाशी त्याचा काही संबंध येईल असं मला वाटलं नव्हतं.

शेजारी लाँड्री आहे. तिथे बर्निस काम करते. माझ्याहून चार वर्षांनी मोठी, अंगाने दुप्पट, हसली की मधली भिंत हलते. दुपारी ती तिचा मग घेऊन येते, मी चहा करते. मी इंग्रजी वाचायला शिकले ती तिच्याकडूनच, कपड्यांवरच्या धुण्याच्या लेबलांवरून. पिळू नका, ब्लीच करू नका, उलटं करून धुवा. त्यामुळे माझं इंग्रजी अजून तसंच हुकूम सोडल्यासारखं आहे. बर्निसच्या घराण्यातली माणसं अमेरिकेच्या दक्षिणेत गुलाम होती. तिथून पळून ती इकडे आली. हे ती चहा पिता पिता सांगते, आपण "आमचं मूळ गाव सांगली" सांगावं तसं.

एके दिवशी नेनेकाका आले. काका पुण्याचे, निवृत्त इंजिनिअर, मिसिसागाला राहतात. पन्नास वर्षांपूर्वी आले तेव्हाचा कोट अजून घालतात, आणि तो दर दोन वर्षांनी मी सोडते. त्यांच्याबरोबर गॉर्डन नावाचा उंच म्हातारा होता. आधी स्कूल बस चालवायचा. आता तो कॅप्टन होता.

"शालनबाई, हा आमचा कॅप्टन," काका म्हणाले. "आम्ही दर उन्हाळ्यात एका शेतावरच्या जत्रेत अमेरिकेचं यादवी युद्ध लढतो. हौस हो! बंदुका खोट्या, तोफ म्हणजे पाइपात फटाका. लोक बघायला येतात."

"कॅनडात?" मी टाचण्या बाजूला करून विचारलं.

"अमेरिकेत जागा फुल आहेत."

उत्तरेच्या फौजेचा कोट निळा, दक्षिणेचा करडा. त्यांच्यात बावीस माणसं. त्यातल्या अठरा जणांना करडाच कोट हवा होता. का, तर करड्या कोटावरची टोपी रुबाबदार दिसते. निळ्या फौजेत चौघंच उरले होते आणि त्यांतल्या तिघांचे गुडघे गेलेले. पण इतिहासात उत्तर जिंकली, त्यामुळे दर वर्षी त्या चौघांना अठरा जणांचा पराभव करावा लागे. मागच्या वर्षी ते धापा टाकत बाकावर बसले आणि समोरची फौज आपली आपणच पडत गेली. लोक हसले.

"शार्लीन, मला निळे कोट हवेत," गॉर्डन म्हणाला. माझं नाव त्याला कधीच आलं नाही. "पण घालायला कुणी तयार नाही."

काकांना मी विचारलं, "तुम्ही कुठल्या बाजूला?"

"दक्षिणेचा सर्जन! टोपी बघा ना." त्यांनी फोनवर फोटो दाखवला. टोपीला खरंच पीस होतं.

तेव्हा मी जे सुचवलं ते शिंपिणीच्या डोक्याने सुचवलं. एकच कोट, एका बाजूने करडा, उलटा केला की निळा. सुरुवातीला सगळे करडे. एक तोफ झाली की अर्धे शेतातल्या गवताच्या मोठ्या गाठींमागे जाऊन मरायचे आणि कोट उलटा करून निळे होऊन यायचे. दुसरी तोफ झाली की उरलेले. गॉर्डनने माझा हात हातात घेतला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

सतरा कोट शिवायचे ठरले. काका म्हणाले, "मला नको. एका कोटाला दोन बाजू म्हणजे स्ट्रक्चर वीक होतं."

इथे माझी चूक झाली. पुरुषाच्या कोटाची बटणं उजवीकडे असतात, बाईच्या डावीकडे. कोट उलटा केला की बाजू बदलते. म्हणजे एका फौजेची बटणं पुरुषांसारखी आणि दुसरीची बायकांसारखी. हे मला बेतताना लक्षात यायला हवं होतं, पण माझ्या वडिलांनी असे कोट फक्त बँडवाल्यांना शिवले होते आणि बँडवाल्यांनी तक्रार केली नव्हती. हे लोक ट्रायलला आले आणि भांडण पेटलं. निम्मे म्हणाले, करडी बाजू जेंट्स हवी. निम्मे म्हणाले, जिंकणारी बाजू जेंट्स हवी. शेवटी तोडगा निघाला. एक कोट करड्याचा जेंट्स, तर दुसरा निळ्याचा जेंट्स. जोडीजोडीने. आठ आणि आठ. मग सतराव्या कोटावरून दोघेजण एकमेकांशी बोलेनासे झाले.

बर्निसला सांगितलं तर चहा तिच्या नाकातून आला.

"अगं, हेच! अगदी हेच केलं होतं त्यांनी," ती म्हणाली. "पश्चिमेला नवीन जमीन मिळत गेली. तिथे नवीन राज्य झालं की प्रश्न यायचा, इथे गुलाम ठेवायचे की नाहीत? मग एक तुमचं, एक आमचं, असं जोडीजोडीने मोजत बसले. आणि एका राज्यावरून माणसं एकमेकांना मारायला लागली. तुझा सतरावा कोट म्हणजे कॅन्सस!"

मी कॅन्ससला बटणंच लावली नाहीत. आतून हूक लावले. दोघेही नाराज झाले, पण सारखेच नाराज झाले.

ट्रायलच्या त्या दिवसांत मी बरंच शिकले. आरशासमोर हात वर करून उभा राहिलेला प्रत्येक सैनिक मला युद्धाचं खरं कारण सांगायचा. एक म्हणाला, मुळात कराचा वाद होता. एक म्हणाला, मुळात पश्चिमेकडे रेल्वे कुठून न्यायची हा वाद होता. एक म्हणाला, राज्यांचा हक्क. गॉर्डनच्या मते दोन्हीकडच्या लोकांचे स्वभाव जुळत नव्हते. मी टाचण्या धरून मान हलवायची. सगळ्यांना वाटलं, माझं त्यांच्याशी एकमत आहे.

"हक्क कसला, ते विचार त्यांना," बर्निस म्हणाली. "आणि रेल्वेने पश्चिमेला काय न्यायचं होतं, तेही विचार. कापूस जमीन खाऊन टाकतो, शालन. यांना नवी जमीन हवी होती आणि तिथे राबायला आमची माणसं न्यायची होती. एक माणूस राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आला, तो म्हणाला, आहे तिथे राहू दे, पण आणखी पसरू देणार नाही. पसरू न देणं एवढंही त्यांना सोसलं नाही. फुटून निघाले. मग युद्ध."

मग तिने तिच्या खापरपणजीची गोष्ट सांगितली. ती पळाली तेव्हा अंगात दोन झगे घातले होते, एकावर एक. पळालेल्या माणसाची जाहिरात निघायची, त्यात कपड्याचा रंग लिहायचे. तिने वरचा झगा नदीकाठी काढून टाकला आणि दुसऱ्या रंगाची होऊन पुढे चालत राहिली. उत्तरेतही पकडून परत द्यायचा कायदा होता, म्हणून ती थांबलीच नाही. पार इकडे आली.

त्या दिवशी मी चहाचे कप विसळताना सतरा कोटांकडे बघणं टाळलं.

जत्रा तीन आठवड्यांवर आली आणि काका एकटेच आले.

"शालनबाई, एक झगा शिवायचाय. तपकिरी, जाडंभरडं कापड. गुलाम बाईचा. जत्रेच्या कमिटीला पत्र आलंय, युद्ध गुलामगिरीवरून होतं आणि तुमच्या खेळात गुलामगिरी दिसत नाही. एक बाई कापसाची टोपली घेऊन उभी करायची आहे."

मी टेप घेतली. "माप कुणाचं?"

काका जरा खाकरले. "तुमचंच घ्या."

मी टेप खाली ठेवली आणि चार टाचण्या ओठांत धरल्या.

"नुसतं उभं राहायचं हो! एकही डायलॉग नाही. तुम्हाला बरंच आहे, तुम्हाला कुठे बोलायला आवडतं?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "त्या लाँड्रीतल्या बाईंना विचारणार होतो. पण त्या रागावतील."

माझ्या मनात आलं, मग मी रागावणार नाही असं का वाटलं? पण ओठांत टाचण्या होत्या. माझी मान आपोआप हलली. इतक्या वर्षांची सवय. काकांनी "थँक्यू, थँक्यू" केलं आणि गेले. दोन दिवसांत प्लाझाच्या काचेवर जत्रेचं पत्रक लागलं. त्यात सैनिकांची नावं, आणि सगळ्यात खाली, गुलाम स्त्री: शार्लीन.

मी झगा शिवला. आणि चांगला शिवला, हे मला आता जास्त लागतं. शिवणीत दोन बोटं माया ठेवली. पुतळ्यावर चढवला होता तेव्हा बर्निस मग घेऊन आली.

"हा कुणाचा?"

"कस्टमर," मी म्हटलं.

तिने कापड चिमटीत धरून पाहिलं. खांद्यावरून हात फिरवला. कंबर पाहिली, उंची पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. धुलाईच्या धंद्यात चाळीस वर्षं काढलेल्या बाईला कपडा कुणाच्या मापाचा आहे ते सांगावं लागत नाही. ती वळून बाहेर गेली आणि काचेवरच्या पत्रकासमोर उभी राहिली. खालपर्यंत वाचलं. आत आली नाही. तिचा मग माझ्या टेबलावरच राहिला.

जत्रेपर्यंत तो तिथेच होता. ती लाँड्रीच्या मागच्या दाराने ये-जा करायला लागली. भिंत हलायची थांबली. मी दोनदा चहा घेऊन गेले, दोन्ही वेळा ती ड्रायरमध्ये डोकं घालून उभी होती. काय बोलायचं तेच मला येत नव्हतं. लेबलांवर त्याचं इंग्रजी नसतं.

जत्रेच्या दिवशी ऊन मरणाचं होतं. माझ्या अंगात पिवळा सुती पंजाबी ड्रेस होता. शेतात कपडे बदलायला मला लाज वाटली, म्हणून झगा त्याच्यावरूनच घातला. पहिल्या रांगेत समर कॅम्पची पोरं बसली होती. मला एका गवताच्या गाठीजवळ उभं केलं आणि हातात टोपली दिली. टोपलीत औषधांच्या दुकानात मिळतात तसले मेकअप पुसायचे कापसाचे गोळे होते. गुलाबी, निळे, पांढरे.

"रंगीत?" मी काकांना विचारलं.

"ॲसॉर्टेडच पॅक मिळालं," काका म्हणाले. पीस सारखं केलं आणि गेले.

मागच्या रांगेत, घडीची खुर्ची मांडून, हाताची घडी घालून बर्निस बसली होती. शेजारच्या खुर्चीवर तिने पर्स ठेवली होती. तिला पाहून मी टोपली पोटाशी धरली. तेवढ्यात एक सैनिक तुटलेलं बटण घेऊन आला. मी लगेच टाचण्या तोंडात घेतल्या. बरं वाटलं.

गॉर्डनने माइकवर युद्धाची कारणं सांगितली. कर, रेल्वे, हक्क, स्वभाव. मग माझ्याकडे हात करून, "आणि अर्थात, गुलामगिरी." मग तोफ वाजली.

खरं म्हणजे दोन फटाके लागोपाठ उडाले. कुणाला एक तोफ ऐकू आली, कुणाला दोन. अर्धे गाठींमागे मरायला धावले, उरलेलेही धावले. काही जण निळे होऊन बाहेर आले, दुसरी तोफ आठवून परत आत जाऊन करडे झाले. ज्यांना निळं समजून मारलं ते करडे होते. ते म्हणाले, आम्ही मरून आलोय, पुन्हा मरणार नाही. एकाने कोट अर्धाच उलटवला होता, तो दोन्हीकडून मार खात होता. मग कुणीतरी ओरडलं, "शेवटी निळेच जिंकतात ना?" त्यासरशी सगळ्यांनी निळी बाजू बाहेर काढली.

मैदानात शांतता झाली. एकवीस निळे सैनिक एका ओळीत उभे होते. त्यांच्यासमोर दक्षिणेची उरलेली सगळी फौज, म्हणजे नेनेकाका.

"डॉक्टर, शरण या!" गॉर्डन माइकवर म्हणाला.

"मला अधिकार नाही," काका ओरडले. "मी सर्जन आहे!"

"मग मरा!"

"सर्जन मरत नसतो! पुस्तकात बघा!"

निळी फौज चर्चा करायला लागली. पाच मिनिटं गेली. पोरं कंटाळली. तेव्हा पहिल्या रांगेतली दोन वेण्यांची एक मुलगी उठून उभी राहिली. तिने माझ्याकडे बोट केलं.

"हिचं नाव काय?"

गॉर्डनने हातातला कागद वरून खाली पाहिला. "ही... गुलाम आहे."

"हो. पण नाव काय?"

त्याने कागद उलटा करून पाहिला. एकवीस सैनिक माझ्याकडे बघायला लागले. युद्ध माझ्यावरून चाललं होतं हे त्यांच्या तेव्हाच लक्षात आल्यासारखं वाटलं. चार टाचण्या ओठांत होत्या, त्यामुळे कुणीच माझ्याकडून उत्तराची अपेक्षा करत नव्हतं.

मी टाचण्या एकेक करून काढल्या आणि झग्याच्या खांद्याला टोचल्या. मग टोपली खाली ठेवली आणि झगा डोक्यावरून काढला. दोन बोटं माया होती, सहज निघाला. तो टोपलीवर घातला. पिवळ्या ड्रेसमध्ये एवढ्या लोकांसमोर मी उभी होते.

"ती इथे नाही," मी इंग्रजीत म्हणाले. आवाज बारीक निघाला, पण निघाला. "तिच्याकडे दोन झगे होते. हा टाकला. ती उत्तरेला गेली. शोधू नका."

मग मी काकांना मराठीत विचारलं, "उत्तर कुठे?"

काका इंजिनिअर. लढाई असो नसो, दिशा विचारली की त्यांना राहवत नाही. त्यांनी सूर्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि तलवार मागच्या रांगांकडे रोखली. "ती बघा. पोर्टेबल वॉशरूमच्या रोखाने."

मी दोन्ही फौजांच्या मधून चालायला लागले. लोक टाळ्या वाजवायला लागले. त्यांना वाटलं खेळातच आहे. मी अर्ध्या वाटेत असताना मागच्या रांगेतून आवाज आला. भिंत हलवणारा.

"हॅना! तिचं नाव हॅना होतं!"

दोन वेण्यांची मुलगी "हॅना" म्हणाली आणि खाली बसली. तिचं समाधान झालं.

मी बर्निसजवळ पोचले तेव्हा ती समोर बघत होती. डोळे पुसले नव्हते, वाहू दिले होते. तिने शेजारच्या खुर्चीवरची पर्स उचलून मांडीवर घेतली. मी बसले.

मग ती म्हणाली, "शोधू नका, ब्लीच करू नका. लेबलासारखं बोललीस."

"तेवढंच येतं."

"माझा मग कुठाय?"

"टेबलावर."

तिकडे मैदानात काकांनी शेवटी स्वतःच स्वतःवर उपचार करता करता मरायचं ठरवलं.

पुढच्या वर्षी गॉर्डन आला. "शार्लीन, तो तुझा चालत जायचा आयटम लोकांना फार आवडला. पुन्हा करशील?" मी "नाही" म्हटलं. आणि "शालन" असंही म्हटलं. त्याने दोन्ही लिहून घेतलं. तपकिरी झगा मी परत दिला नाही. त्याचे तुकडे करून टाचण्या टोचायची छोटी गादी शिवली, पट्ट्याने मनगटावर बांधायची.

गेल्या महिन्यात काका त्यांचा सर्जनचा करडा कोट घेऊन आले. आरशासमोर उभे राहिले, पण आरशात बघत नव्हते.

"शालनबाई, याला बाहेरून निळं कापड लावता येईल का? करडं आत जाऊ दे. दिसायला नको."

मी कोट हातात घेऊन पाहिला. मग विचारलं, "काका, तुम्ही त्या युद्धाच्या वेळी दक्षिणेत असता तर त्यांनी तुम्हाला कोट दिला असता की टोपली?"

मी खांद्याचं माप घेतलं, पाठीचं घेतलं. मग ते हळूच म्हणाले, "तुमच्या तोंडात टाचण्या नाहीत आज."

"नाहीत," मी मनगटावरची एक टाचणी काढून म्हटलं. "हात वर करा. आणि हलू नका."